रातकिड्याला गोंगाट समजणारी यंत्रे

व्हिडिओ कॉल चालू असताना खिडकीबाहेर रातकिडे कितीही किरकिरत असले, तरी पलीकडच्या माणसाला ते सहसा ऐकू येत नाहीत. फोनमधली आज्ञावली आवाजात सतत चढउतार शोधत असते. बोलण्याची पातळी अक्षरागणिक, म्हणजे सेकंदाला चार-पाच वेळा, वरखाली होते. तसे होत नाही ते सारे गोंगाट म्हणून पुसले जाते. रातकिड्यांची अखंड किरकिर, धबधबा, पाऊस, पानांची सळसळ हे सगळे या चाळणीत गळते. माइकपासून प्रक्षेपकापर्यंतची जवळजवळ प्रत्येक कडी अशीच माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे. २२ एप्रिलच्या वसुंधरा दिनी किंवा ५ जूनच्या पर्यावरण दिनी एखाद्या पाणथळीचा आवाज थेट ऐकवायचा असेल, तर या कड्यांची 'मदत' एकेक करून बंद करावी लागते.

पहिली बंद करायची ती आपोआप पातळी राखणारी सोय. ती चालू राहिली की शांततेत यंत्र आवाज वाढवत जाते आणि माइकची स्वतःची खरखर फुगते. मग जवळच एखादा पक्षी ओरडला की मागचे सारे जंगल क्षणभर दबते आणि हळूहळू परत वर येते. हा हेलकावा एकदा मुद्रित झाला की नंतर काढता येत नाही. ध्वनिपातळी हातानेच ठरवावी, आणि सर्वांत मोठा अपेक्षित आवाज कमाल मर्यादेच्या १२ ते १५ डेसिबल खाली राहील इतकी ठेवावी. पहाटे पक्षी धीम्या सुरात सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात कल्लोळ करतात, म्हणून सुरुवातीच्या शांततेवरून पातळी ठरवणे हमखास फसते.

माइक निवडताना त्याची स्वतःची खरखर किती, हा आकडा आधी पाहावा. वारा पडलेल्या रात्री जंगल २० ते २५ डेसिबलपर्यंत शांत होते. माइकचीच खरखर २० डेसिबल असेल, तर जंगलाबरोबर तीही ऐकू येईल. १० डेसिबलच्या आसपासचा माइक असला की काम होते. तो आवाजाच्या जितका जवळ नेता येईल तितके बरे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. १०० मीटरवरून १० मीटरवर आलो तर २० डेसिबलची कमाई होते, आणि ती कोणत्याही महागड्या यंत्राने मिळणार नाही. जवळ जाणे शक्य नसेल, किंवा गेल्याने पक्षी घरटे सोडण्याची भीती असेल, तर परवलयाकार तबकडी वापरतात. तिची मर्यादा भौतिकशास्त्रच ठरवते. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, २०० हर्ट्झच्या ध्वनीची १.७ मीटर. ५५-६० सेंटिमीटरच्या तबकडीला पहिला ध्वनी एकवटता येतो, दुसरा तिला जुमानत नाही. म्हणून तबकडीतून शिट्टी घालणारे पक्षी धारदार येतात, पण घुबडाचा खोल घुत्कार तिच्यामुळे फारसा वाढत नाही. थेट प्रक्षेपणासाठी मात्र एका पक्ष्यावर रोखलेल्या तबकडीपेक्षा सगळा परिसर ऐकणारे दोन माइक जास्त उपयोगाचे. सर्व दिशांनी ऐकणारे दोन लहान माइक एका झाडाच्या खोडाला डावी-उजवीकडे बांधावेत. खोड डोक्यासारखे काम करते, दोन्ही कानांच्या आवाजात फरक पडतो आणि हेडफोनवर ऐकणाऱ्याला दिशा कळते.

वाऱ्याचा त्रास मुख्यतः २०० हर्ट्झच्या खाली असतो. नंतर गाळणी लावून तो काढू, असा विचार धोक्याचा आहे, कारण झुळकीने माइकनंतरचे पहिले प्रवर्धक (आवाजाचा संकेत वाढवणारे मंडल) मर्यादेपलीकडे गेले की त्या क्षणी वरचे आवाजही फाटतात. स्पंजवर केसाळ आवरण हवेच, आणि ते ओले झाले की त्याचा उपयोग संपतो. दिशादर्शी माइक वाऱ्याला अधिक हळवे, सर्व दिशांचे कमी. पहाटेचे दव हा दुसरा शत्रू. थंड खोलीतून उपकरण थेट दमट हवेत आणले की त्यावर पाणी जमते आणि कंडेन्सर माइक तडतडू लागतो. तासभर आधी ते पेटीतच बाहेर ठेवावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

माइकमागे एक लहान संगणक, ध्वनिकार्ड आणि मोडेम, एवढ्यावर थेट प्रवाह चालतो. मिळून सुमारे ५ वॅट धरले तर १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २४० वॅट-तास असतात; शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्यापलीकडे उतरवू नये, म्हणून हाती येतात १२० आणि कागदावर २४ तास. रूपांतरात होणारी गळती धरून वीस तासांचाच हिशेब करावा. सेकंदाला १९२ किलोबिटचा प्रवाह ताशी सुमारे ८६ मेगाबाइट खातो. इंटरनेटच्या जाळ्याचा वेग त्याच्या किमान दुप्पट हवा. बिटदर (सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा) फार उतरवू नये, कारण पाऊस आणि पहाटेचा कल्लोळ हे माहिती आटवून पाठवायला सर्वांत अवघड आवाज आहेत. कमी बिटदरावर पाऊस पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. जाळे तुटले तरी जागेवरच मूळ प्रत साठत राहावी: ४८ किलोहर्ट्झचा नमुनादर (सेकंदाला ४८ हजार मोजमापे), २४ बिट, दोन वाहिन्या म्हणजे तासाला सुमारे १ गिगाबाइट.

सर्वाधिक नुकसान होते ते रेडिओ केंद्रात पोहोचल्यावर. एएम प्रक्षेपणात साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे फारसे पोहोचत नाही, आणि बहुतेक गाणारे पक्षी २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये गातात. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंत जागा मिळते, पण तिथला संकोचक शांत आवाज वर ढकलून सारे सपाट करतो. त्या वेळेपुरता तो सौम्य करून घ्यावा. त्याहून जास्त घात शांतता-शोधक करतो. पातळी काही सेकंद ठरावीक मर्यादेखाली राहिली की प्रसारण तुटले असे समजून तो राखीव संगीत सुरू करतो, आणि रात्रीच्या अरण्याचा तुकडा नेमका तसाच असतो. नियंत्रण कक्षाला आधी सांगून त्याची मर्यादा उतरवून किंवा वेळ वाढवून घ्यावी. पातळी एकसारखी करण्याच्या नियमांतही एक वाट आहे. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ शिफारशीत सरासरी उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजणारे एकक) मागितली आहे, पण सरासरीपेक्षा १० एककांहून खाली असलेला भाग मोजणीतून वगळला जातो. निवेदन उणे २३ वर ठेवले, तर जंगल खाली शांत राहू शकते. गाडीत ऐकणाऱ्यांचा विचार करून ते फार खाली नेऊ नये, एवढेच.

या दिवसांसाठीची सर्वांत सुंदर रचना म्हणजे पृथ्वीभर पुढे सरकणारी पहाट. लंडनमधील साउंडकॅम्प संस्थेचे 'रेव्हेय' हे प्रसारण २०१४ पासून मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास, आंतरराष्ट्रीय पहाटकूजन दिनाला जोडून, ठिकठिकाणच्या थेट माइकांमधून पहाटेचा पश्चिमेकडे पाठलाग करते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून १५ अंशांवर एक माइक असे गणित सुचते. पण २२ एप्रिलला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १२ अंश उत्तरेला असतो आणि पहाटेची सीमारेषा तिरपी असते. एकाच रेखांशावर ६० अंश उत्तरेला सूर्य विषुववृत्ताच्या जवळजवळ दीड तास आधी उगवतो, ६० अंश दक्षिणेला तेवढाच उशिरा. वेळापत्रक केवळ रेखांशावरून आखले तर उत्तरेकडचे कूजन ओसरून गेलेले असते. शिवाय कूजन सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधीच सुरू होते, तेव्हा घड्याळ संधिप्रकाशाला लावावे.

वटवाघळांचे आवाज बहुतेक २० किलोहर्ट्झच्या वर असतात. ते मुद्रित करायला ४८ किलोहर्ट्झचा नमुनादर पुरत नाही. ३८४ किलोहर्ट्झवर घेऊन दहापट संथ केले की ८० किलोहर्ट्झची साद ८ किलोहर्ट्झवर ऐकू येते. आवाज संथ केला आहे हे निवेदनात स्पष्ट सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या ठिकाणचा किंवा ऋतूचा पक्षी मिसळणे तर अजिबात नको. जाणकार श्रोते ते ओळखतात, आणि मग उरलेल्या सगळ्या आवाजांवरचा त्यांचा विश्वास उडतो.

उघडा माइक निवडून ऐकत नाही. बीबीसी १९२४ पासून दर मे महिन्यात इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील एका बागेतून नाइटिंगेल पक्ष्याचे थेट प्रक्षेपण करत असे. १९ मे १९४२ रोजी माइकमध्ये पक्ष्यासोबत बॉम्बहल्ल्याला निघालेल्या विमानांची घरघर येऊ लागली. शत्रूला सुगावा लागेल हे ओळखून तंत्रज्ञाने प्रक्षेपण रोखले. मुद्रण मात्र चालू राहिले. आजचा धोका लहान, पण रोजचा आहे. पायवाटेजवळचा माइक वाटसरूंचे खासगी बोलणे जगभर पोहोचवतो, आणि दुर्मीळ पक्ष्याचा थेट आवाज त्याच्या घरट्याचा पत्ता सांगतो. म्हणून माइक वाटेपासून दूर बांधावा, तो चालू आहे अशी पाटी लावावी, नकाशावर नेमकी जागा न देता फक्त परिसराचे नाव द्यावे आणि घरटी असलेल्या काळात दुर्मीळ प्रजातीचे प्रक्षेपण काही आठवडे उशिराने करावे.