प्रीमियम इकॉनॉमीचे अडतीस इंच

मुंबई–लंडन तिकीट काढायला बसले की इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस असे तीन दर शेजारी शेजारी दिसतात. बिझनेसचा आकडा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतो, त्यामुळे खरा प्रश्न मधल्या दराचा असतो. इतके जास्त पैसे नेमके कशाचे? विमानातले हे वर्ग आरामाचा विचार करून आखलेले नाहीत. ते भाड्याच्या नियमांतून निघाले आणि आराम त्यांना मागाहून चिकटला. हा क्रम ध्यानात ठेवला की दराकडे पाहण्याची नजर बदलते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानप्रवास ही मुळातच श्रीमंतांची चैन होती, स्वस्त वर्गाची कल्पना अजून रुजायची होती. कंपन्यांना भाडे आपल्या मर्जीने ठरवताही येत नसे. १९४५ साली हवानामध्ये स्थापन झालेल्या आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या बैठकांत मार्गवार दर ठरत, सरकारे त्यांना मान्यता देत आणि मग सगळ्या कंपन्यांनी तेच दर लावायचे.

या चौकटीत स्वस्त तिकीट द्यायचे तर वेगळा वर्ग काढण्यावाचून मार्ग नव्हता. १ मे १९५२ रोजी अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ वर्ग आला. त्याचे भाडे पहिल्या वर्गापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. एप्रिल १९५८ मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ आली आणि तिच्याबरोबर अत्यंत बारीक नियम आले. दोन रांगांमधले अंतर ३४ इंच. खायला फक्त साधे, थंड, स्वस्त सँडविच. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने त्या नावाखाली भरगच्च उघडी सँडविचे वाढली, तेव्हा अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली आणि एसएएसला दंड झाला. स्वस्त वर्ग पुरेसा साधा राहिला नाही तर महाग तिकीट कोण घेणार, ही भीती त्यामागे होती. ती आजही गेलेली नाही. इकॉनॉमीत काय द्यायचे नाही, हे ठरवताना वरच्या वर्गाची विक्री कंपन्यांच्या डोळ्यांसमोर असतेच.

तो ३४ इंचांचा आकडा लक्षात ठेवा.

बिझनेस क्लासचा जन्म सत्तरच्या दशकातल्या एका वेगळ्याच अडचणीतून झाला. १९७० मध्ये जंबो जेट आले, जागा एकदम वाढल्या आणि त्या भरण्यासाठी आगाऊ आरक्षणाची स्वस्त तिकिटे निघाली. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकरची स्कायट्रेन ही स्वस्त विमानसेवा लंडनहून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत उडू लागली, तसे इतरांनाही दर पाडावे लागले. परिणाम असा की आयत्या वेळी पूर्ण भाडे भरून निघालेला कंपनीचा अधिकारी आणि त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत सुट्टीवर निघालेला प्रवासी एकाच रांगेत, एकाच मापाच्या सीटवर बसू लागले. अधिकारी कुरकुरले. १९७८-७९ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम, क्वांटास यांनी पूर्ण भाडेवाल्यांसाठी वेगळा कप्पा केला. सुरुवातीच्या या कप्प्यात सीट बऱ्याचदा इकॉनॉमीचीच असे. मधली जागा रिकामी, पेय फुकट आणि सुट्टीच्या गर्दीपासून सुटका, एवढाच फायदा. म्हणजे जे विकले जात होते ते आसन नव्हते. तिकीट बदलण्याची मुभा आणि ऐन वेळी जागा मिळण्याची खात्री विकली जात होती.

पुढे स्पर्धा वाढली तशी सीट वाढत गेली. २००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेसमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग आणला आणि इकॉनॉमी व बिझनेसमधले अंतर इतके रुंदावले की मध्ये एक अख्खा वर्ग मावेल. तसा वर्ग आधीच अस्तित्वात होता. तैवानच्या ईव्हा एअरने १९९१-९२ च्या सुमारास आणि व्हर्जिन अटलांटिकने १९९२ मध्ये तो काढला होता. व्हर्जिनने त्याचे नाव सरळ ‘मिड क्लास’ ठेवले आणि रांगांमधले अंतर ठेवले ३८ इंच. लांब पल्ल्याच्या प्रीमियम इकॉनॉमीचा हा आकडा तीस वर्षांत फारसा हललेला नाही. लुफ्तान्सा २०१४ मध्ये, सिंगापूर एअरलाइन्स २०१५ मध्ये आणि एमिरेट्स त्याहूनही उशिरा या वर्गात उतरली. उशीर का, तर बिझनेसचे गिऱ्हाईक खाली घसरेल ही धास्ती. प्रत्यक्षात इकॉनॉमीतले लोक वर चढतात, हे दिसल्यावर सगळ्यांनी रांग लावली.

इथेच एक गोंधळ सुरू झाला. अमेरिकेत युनायटेडने १९९९ मध्ये ‘इकॉनॉमी प्लस’ आणली. ती तीच सीट, तीच रुंदी, फक्त पुढे काही इंच जादा. प्रीमियम इकॉनॉमी ही वेगळी सीट आणि वेगळा कप्पा, तर इकॉनॉमी प्लस म्हणजे इकॉनॉमीतच थोडे सैल बसणे. नावे मात्र इतकी जवळची की प्रवासी फसतो. ‘प्रीमियम इकॉनॉमी’ म्हणायला किमान किती इंच हवेत, असा कुठलाही नियम नाही.

भारतात हा गोंधळ एकाच नावाखाली नांदतो. विस्तारा या विमान कंपनीने ९ जानेवारी २०१५ पासून देशांतर्गत उड्डाणांत प्रीमियम इकॉनॉमी दिली, भारतात पहिल्यांदाच. तिच्या एअरबस ए३२० विमानात सुरुवातीला १६ बिझनेस, ३६ प्रीमियम इकॉनॉमी आणि ९६ इकॉनॉमी सीट होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, पण वर्ग राहिला. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए३२० निओमध्ये ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी अशी मांडणी आहे. यातल्या प्रीमियम इकॉनॉमीत सीट ३-३ च, म्हणजे मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, आहेत आणि रांगांमधले अंतर ३२ इंच. १९५८ च्या सर्वांत स्वस्त वर्गापेक्षाही दोन इंच कमी! याउलट त्याच कंपनीच्या ए३५० मध्ये प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ सीट २-४-२ अशा आहेत आणि अंतर ३८ इंच. नाव एक, वस्तू दोन. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ सुरू केली, तिला ते बिझनेस क्लास म्हणतात. त्यात २-२ अशा १२ सीट आहेत, अंतर ३८ इंच आणि पाठ पाच इंच मागे जाते. मापाने पाहिले तर ही आंतरराष्ट्रीय प्रीमियम इकॉनॉमीच्या जवळची वस्तू आहे.

म्हणून नाव बाजूला ठेवून जमीन मोजावी. विमान कंपनी शेवटी केबिनमधली फरशी भाड्याने देते. एका रांगेत किती सीट आणि दोन रांगांत किती इंच, हे दोन आकडे मिळाले की प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याची जागा काढता येते. बोइंग ७८७ मध्ये इकॉनॉमी ३-३-३ आणि ३१ इंच, प्रीमियम २-३-२ आणि ३८ इंच धरले, तर ९ भागिले ७ गुणिले ३८ भागिले ३१, म्हणजे सुमारे १.५८ पट जागा. ए३५० मध्ये प्रीमियमच्या रांगेत ७ ऐवजी ८ सीट येतात, म्हणून हाच हिशोब १.३८ वर येतो. देशांतर्गत ए३२० मध्ये इकॉनॉमी २९ इंच धरली तर जेमतेम १.१. स्ट्रेचमध्ये जवळपास दुप्पट. पलंगवाल्या १-२-१ बिझनेसमध्ये साधारण तिप्पट किंवा त्याहून जास्त. जेवण, बॅगेचे वजन, लवकर बोर्डिंग हे वेगळे धरायचे, पण त्यांची किंमत फार नसते. मूळ भाड्याचे गुणोत्तर जागेच्या गुणोत्तराच्या जवळपास असेल तर सौदा रास्त. दीडपट जागेला अडीचपट भाडे मागत असतील तर सोडून द्यावे.

मूळ भाडे असे मुद्दाम म्हटले, कारण कर सगळे गणित बिघडवतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा इकॉनॉमीवर ५ टक्के आणि त्यावरच्या सगळ्या वर्गांवर १२ टक्के असा भेद झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वरचा दर १८ टक्के झाला आणि प्रीमियम इकॉनॉमी त्यात मोडते. समजा मुंबईहून एका बाजूचे मूळ भाडे इकॉनॉमीत ४०,००० आणि प्रीमियममध्ये ६०,००० आहे. करासह ते ४२,००० आणि ७०,८०० होते. वीस हजारांचा फरक अठ्ठावीस हजार आठशेवर गेला आणि वरच्या ८,८०० रुपयांत एक इंचही वाढला नाही. तिकीट कंपनीच्या कामाचे असेल आणि इनपुट टॅक्स क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सोय) मिळत असेल तर गोष्ट निराळी. स्वतःच्या खिशातून जाणाऱ्याला हा भार पूर्ण सोसावा लागतो.

ब्रिटनमधून निघणाऱ्यांना तर याहून मोठा फटका बसतो आणि तिथल्या मराठी कुटुंबांना तो तिकीट काढेपर्यंत कळत नाही. १९९४ पासून तिथे एअर पॅसेंजर ड्युटी हा विमानप्रवाशांवरचा कर आहे. ती सर्वांत खालच्या वर्गाला कमी आणि त्यावरच्या प्रत्येक वर्गाला जास्त लागते. १ एप्रिल २०२६ पासून भारतासाठी इकॉनॉमीला १०२ पौंड, तर प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस दोघांनाही २४४ पौंड असा दर आहे. शिवाय सोळा वर्षांखालच्या मुलांना ही ड्युटी माफ आहे, पण फक्त सर्वांत खालच्या वर्गात. आई-वडील आणि दोन लहान मुले इकॉनॉमीने निघाली तर २०४ पौंड, प्रीमियमने निघाली तर ९७६. एका बाजूला इकॉनॉमी आणि दुसऱ्या बाजूला प्रीमियम घ्यायची असेल, तर भारतातून निघणारी बाजू प्रीमियमची ठेवणे हिशोबात बसते, कारण ही ड्युटी ब्रिटनमधून सुटणाऱ्या उड्डाणालाच आहे.

तासांचे म्हणाल तर, दोन-अडीच तासांच्या दिल्ली–मुंबईला तीन इंचांसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर एमर्जन्सी एक्झिटची रांग कमी पैशांत जास्त जागा देते. मात्र त्या रांगेत लहान मुलांना बसवत नाहीत आणि तिच्या पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही, म्हणून ती पुढची रांग टाळावी. दिवसाच्या नऊ-दहा तासांच्या उड्डाणाला ३८ इंच खरोखर उपयोगी पडतात. पुढच्याने पाठ मागे घेतली तरी लॅपटॉप उघडा राहतो, खांद्याला खांदा लागत नाही. रात्रीच्या प्रवासात अपेक्षा कमी ठेवावी. आठेक इंच मागे गेलेली पाठ म्हणजे बसून झोपणेच. कुशीवर झोपणाऱ्याला तिथेही झोप लागत नाही. अमेरिकेच्या पंधरा-सोळा तासांच्या थेट उड्डाणात दोघांसाठी प्रीमियम घ्यावी की एकासाठी पलंग, हा प्रश्न पडला आणि एकाची पाठ दुखरी असेल, तर पलंगाचे पैसे सत्कारणी लागतात.

मुलांकडे निघालेल्या वयस्कर आई-वडिलांसाठी हा वर्ग घ्यायचा विचार बरेच जण करतात आणि त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पाय सुजणे सीटखाली पायाला आधार असेल तर कमी होते, हे खरे. पण रक्ताच्या गुठळीची भीती वर्गाशी बांधून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून जास्त प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो, आणि त्याचे कारण तासन् तास न हलता बसणे हे आहे. बिझनेसमध्ये झोपून राहिलेल्यालाही तो लागू आहे. दर दोन तासांनी उठून चालता यावे म्हणून त्यांना मार्गिकेकडची सीट द्यावी. व्हीलचेअरची मदत लागणार असेल तर ती इकॉनॉमीच्या तिकिटावरही मागता येते, तेवढ्यासाठी वरचा वर्ग घ्यायची गरज नाही.

सीट निवडताना पहिली रांग सगळ्यांना मोहवते. तिथे समोर सीट नसल्याने टेबल आणि टीव्हीचा पडदा हातकठड्यात असतात, त्यामुळे कठडा जाड आणि वर न उचलणारा असतो आणि बसायची रुंदी घटते. पायाजवळ बॅग ठेवता येत नाही, बाळांचे पाळणेही तिथेच अडकवतात. जोडप्याने २-३-२ किंवा २-४-२ मध्ये खिडकीकडची जोडी धरावी.

वरच्या वर्गातल्या जागेसाठी कंपनीकडे बोली लावून अपग्रेड मिळाले तर बॅगेचे वजन आणि माइल्स बहुतेक वेळा मूळ तिकिटाचेच राहतात, हे आधी वाचून घ्यावे. जोडउड्डाण असेल तर प्रत्येक टप्प्याचा वर्ग वेगळा तपासावा, कारण नागपूर–मुंबईच्या विमानात तो कप्पा नसेल तर तेवढा प्रवास इकॉनॉमीतच होतो. आणि विमानाचा प्रकार पाहावा. एअर इंडियाच्या जुन्या मांडणीच्या ७८७-८ मध्ये १८ बिझनेस आणि २३८ इकॉनॉमी सीट आहेत, मधला वर्गच नाही. आयत्या वेळी असे विमान लावले गेले की प्रीमियमवाला खाली येतो. अशा वेळी काउंटरवर मिळेल ते व्हाउचर घेऊन गप्प बसू नये. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई–लंडन या शेवटच्या गटात येते. जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत आणि वर्ग बदलल्याची नोंद काउंटरवरच लेखी मागून घ्यावी.