दुधना क्लासचं जहाज तरंगंल का?

परभणीत बसून आमच्या भाच्यानं आख्खं नौदल उभं केलंय, अर्थात वहीत. देश काल्पनिक, झेंडा काल्पनिक, पण जहाजांना नावं आपल्या नद्यांची: दुधना, सिंदफणा, तेरणा. दुधना क्लास म्हणजे सैनिक, रणगाडे, हेलिकॉप्टरं परक्या किनाऱ्यावर उतरवणारी मोठी जहाजं, अँफिबियस असॉल्ट शिप म्हणतात ती. "मामा, बघा की जरा" म्हणून वही माझ्यापुढं. तोफा-मिसाईल झकास काढल्यात, पण मी म्हणलं आधी पाण्याचा हिशोब बघू, या जातीच्या जहाजात सगळा खेळ तिथंच असतो.

लांबी 200 मीटर, रुंदी 30, पाण्याखाली 7. गुणाकार 42,000 घनमीटर, पण बूड काय पेटीसारखं चौकोनी नसतं, निमुळतं असतं, म्हणून साधारण 60 टक्के धरू, म्हणजे 25,200. खारं पाणी घनमीटरला 1.025 टन, मग जहाजाचं वजन झालं 26,000 टनांच्या आसपास. पोरानं लिहिलंय 12,000! तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं, तेवढ्या वजनाचं जहाज 7 मीटर बुडणारच नाही, आर्किमिडीजपुढं कुणाचं चालत नाही. आणि त्याला टेन्शन कशाचं, तर 60 टनांचा रणगाडा चढवल्यावर जहाज किती खाली जाईल याचं. जेमतेम सव्वा सेंटीमीटर.

खरी अवघड गोष्ट मागच्या बाजूला आहे. या जहाजांच्या पोटात एक लांबलचक हौद असतो, वेल डेक, आणि छोट्या बोटी त्यात उभ्या असतात. किनाऱ्याजवळ आलं की जहाज स्वतःच्या बॅलास्ट टाक्यांमधे, म्हणजे वजन कमीजास्त करायच्या टाक्यांमधे, समुद्राचं पाणी भरून घेतं, मागचा भाग खाली बसतो, मोठं फाटक उघडतं, हौदात पाणी शिरतं आणि बोटी रणगाड्यासकट तरंगत बाहेर. काम झालं की दाबाखालची हवा सोडून नाहीतर पंपानं टाक्या रिकाम्या. आपल्या नौदलाकडं असलं जहाज आहे, आयएनएस जलाश्व. मूळचं अमेरिकेचं ट्रेंटन, 1971 सालचं, 2007 मधे आपल्याकडं आलं. मे 2020 मधे लॉकडाऊनमधे मालदीवला अडकलेल्या 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं ते हेच.

आता पोटात पाणी घेतलं की धोका कुठं? उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला वळणावर जास्त दगा देतो, कारण पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला त्याच बाजूला ओढतं. जहाजात यालाच फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात. हा परिणाम पाणी किती आहे यापेक्षा पाण्याचा पसारा किती रुंद आहे यावर ठरतो, आणि तोही रुंदीच्या घनाच्या हिशोबानं, म्हणून टाकीच्या मधोमध एक उभी भिंत घातली की तेवढ्याच पाण्याचा त्रास एकदम पाव होतो. टाक्यांना भिंती घालता येतात, पण हौदात कुठून घालणार, बोटी जायच्यात ना!

भाच्यानं हौद 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद काढलाय. सूत्र सोपं आहे, लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले 12, आणि मग भागिले जहाजानं सारलेलं पाणी. उत्तर येतं जवळजवळ 1.6 मीटर. जहाज कलल्यावर परत सरळ व्हायची जी ताकद असते ती मोजायचा आकडा तेवढ्यानं खाली येतो, आणि हा आकडा मुळातच दोनेक मीटर असेल तर राहिलं काय? लाटेत एका अंगावर गेलं की उठायची मारामार. रुंदी 15 केली की तोच तोटा 67 सेंटीमीटरवर येतो. अमेरिकेच्या वास्प क्लासचा हौद पण 15 मीटरच्याच आसपास रुंद आहे, आणि ते जहाज 40,000 टनांचं.

हे ऐकल्यावर पोरगं म्हणतंय हौदच काढून टाकतो, विमानं वाढवतो. आयडिया वाईट नाही, अमेरिकेच्याच 'अमेरिका' नावाच्या क्लासच्या पहिल्या दोन जहाजांत तसंच केलंय, पण मग रणगाडे उतरवायचे कशानं? हेलिकॉप्टरला 60 टन उचलत नाहीत. तिसऱ्या जहाजात त्यांनी हौद गुपचूप परत आणला.

मग 10 मीटर रुंद ठेवू का, असा त्याचा पुढचा प्रश्न. ठेव की, पण वहीत हौदाच्या आत जे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर चालणारी बोट, काढलंय तेच 14 मीटरच्या वर रुंद असतंय. सध्या 15 वर तडजोड झालीय, वजनाचा आकडा मात्र अजून खोडलेला नाही.