मानसशास्त्रीय संशोधन : प्रयोगप्रकार व नमुना निवड

मानसशास्त्रात कार्यकारणसंबंध तपासण्यासाठी योजले जाणारे प्रयोगांचे प्रकार आणि त्यांसाठी व्यक्ती निवडण्याच्या पद्धती यांचा विचार या नोंदीत केला आहे. व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून प्रयोगाला या शास्त्रात मानाचे स्थान मिळाले. नमुन्याकडे, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या व्यक्तींकडे, मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. हेर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मृतिविषयक प्रयोगांत तर संशोधक आणि सहभागी एकच, म्हणजे ते स्वतःच होते.

प्रयोगात संशोधक एक घटक हेतुपुरस्सर बदलतो (स्वतंत्र चल) आणि त्याचा वर्तनावरील परिणाम (परतंत्र चल) मोजतो. झोप कमी केल्यास शब्दांचे स्मरण घटते का, हे पाहताना गोंगाट, उजेड, दिवसाची वेळ यांसारखे बाह्य चल स्थिर राखावे लागतात. प्रयोगशाळेत हे नियंत्रण उत्तम साधते. परंतु आपले निरीक्षण होत आहे याची जाणीव असलेली व्यक्ती नेहमीसारखी वागेलच असे नाही. क्षेत्रप्रयोगात ही अडचण पुष्कळशी टळते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत संशोधकांचा साथीदार मुद्दाम कोसळत असे : हाती काठी असताना ६५ पैकी ६२ वेळा, तर मद्यपी भासत असताना ३८ पैकी १९ वेळा प्रवासी आपणहून मदतीला आले. अर्थात त्या प्रवाशांची संमती कोणी घेतली नव्हती, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नैसर्गिक प्रयोगात बदल संशोधक घडवत नाही, तो आपोआप घडतो, उदा., सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली, तेव्हा तिच्या आगमनापूर्वीचे व नंतरचे मुलांचे वर्तन ताडून पाहता आले. अर्धप्रयोगात व्यक्तींमध्ये आधीपासूनच असलेल्या भेदावरून गट पाडले जातात. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० मध्ये दिसून आले, पण तो व्यवसायामुळे वाढला की तसा मेंदू असणारेच त्या व्यवसायात टिकले, हे केवळ या तुलनेने सिद्ध होत नाही.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक घोटाळा होतो तो यादृच्छिक विभागणी आणि यादृच्छिक निवड यांत. पहिलीत, आधीच गोळा झालेल्या व्यक्तींपैकी कोण प्रायोगिक गटात (ज्यात बदल केला जातो) व कोण नियंत्रित गटात (ज्यात तो केला जात नाही) जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरते. त्यामुळे गटांमधील फरक स्वतंत्र चलामुळेच पडला असे म्हणता येते. दुसरीत, मुळात कोणाला बोलवायचे ते ठरते आणि त्यावर निष्कर्षांची व्याप्ती अवलंबून असते. एक काटेकोर पाळल्याने दुसरीतील उणीव भरून निघत नाही. प्रयोगाच्या सर्व अटींत (उदा., कमी झोप व पुरेशी झोप) तीच माणसे घेतल्यास विभागणीचा प्रश्न उरत नाही, पण सराव व थकवा आड येतात, म्हणून अर्ध्यांना क्रम उलटा दिला जातो.

ज्या समूहाविषयी विधान करायचे ती समष्टी आणि तिच्यातून निवडलेला भाग म्हणजे नमुना. साध्या यादृच्छिक निवडीत समष्टीतील प्रत्येकाला समान संधी असते. स्तरित निवडीत वय, लिंग इत्यादी स्तरांचे प्रमाण राखून प्रत्येक स्तरातून यादृच्छिकपणे व्यक्ती घेतल्या जातात. दोहोंसाठी समष्टीची संपूर्ण यादी लागते आणि ती क्वचितच हाती असते. त्यामुळे प्रत्यक्षात सोयीनुसार सापडलेल्या किंवा स्वेच्छेने आलेल्या व्यक्तींवरच भागवले जाते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आज्ञापालनाच्या अभ्यासातील ४० पुरुष जाहिरात व पत्रे यांना प्रतिसाद देऊन आले होते. संशोधकाच्या आज्ञेवरून दुसऱ्या व्यक्तीला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके द्यायचे होते; त्यांपैकी २६ जणांनी ४५० व्होल्टपर्यंतची कळ दाबली. हा आकडा सर्वतोमुखी झाला, सहभागी कसे जमवले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिके तपासली, तेव्हा ६८ टक्के नमुने एकट्या अमेरिकेतील, तर ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील आढळले. नमुना मोठा केल्याने योगायोगाने येणारी चूक घटते. एकांगी निवडीतून आलेला कल मात्र संख्या कितीही वाढवली तरी तसाच राहतो.