माळव्याचा मावठा आणि बंदरपूंछचा बर्फ

जानेवारीत एखाद्या रात्री इंदूरवर पावसाची रिपरिप सुरू होते आणि सकाळी देपालपूर-सांवेरकडचे शेतकरी गव्हाला मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, मिळाला म्हणून समाधानाने बोलू लागतात. हा पाऊस बहुतेक वेळा ज्या पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीमुळे) पडतो, तो भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानावरून येतो, आणि त्याच्याजवळचे बाष्प मुख्यतः हिमालयावर रिकामे होते. आपल्याकडे त्याची कड लागते, तेव्हा साडेनऊशे किलोमीटर उत्तरेला, गढवालमधल्या ६,३१६ मीटर उंचीच्या बंदरपूंछ शिखरावर तोच विक्षोभ हिमवर्षाव करत असतो. लंकादहनानंतर हनुमानाने आपली पेटलेली शेपटी येथे विझवली, अशी या नावामागची लोककथा आहे.

पावसाचे पाणी पडले की वाहू लागते. बर्फ मात्र पडतो आणि थांबतो. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांहून अधिक जागा हवेने व्यापलेली असते, त्यामुळे एक मीटर जाडीचा नवा थर वितळला तर जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी हाती येते. पुढच्या आठवड्यांत स्फटिकांची टोके झिजतात, कण गोल होतात, वरच्या थरांच्या भाराने खालचे दबतात आणि मार्चअखेर त्याच जाडीत पूर्वीच्या तिप्पट-चौपट पाणी असू शकते. म्हणूनच हिमाची नुसती खोली मोजून भागत नाही. अभ्यासक खड्डा खणून थरांचे वजन करतात. जो बर्फ उन्हाळा संपला तरी उरतो, तो वर्षानुवर्षे दाबला जाऊन अखेर हिमनदीचा घट्ट, निळसर बर्फ होतो.

हा साठा ऊन पडताच वाहून का जात नाही, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवून लावते. शिवाय शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला ८० कॅलरी लागतात, म्हणजे तेवढ्याच पाण्याला शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी उष्णता. धूळ किंवा काजळी साचली की पृष्ठभाग काळवंडतो, अधिक ऊन शोषतो आणि वितळण्याचा हंगाम अलीकडे सरकतो. मला ही गोष्ट तापमानवाढीच्या बरोबरीने चिंतेची वाटते, कारण पाणी तेवढेच असूनही ते शेताला हवे त्याच्या आधीच उतरून गेले, तर साठ्याचा उपयोग राहत नाही.

बंदरपूंछच्या पश्चिम अंगाला यमुनोत्री आहे. उत्तरेच्या उतारावरचे पाणी रुइनसारा ओढ्यातून सूपिनमध्ये जाते. नेटवाड गावाशी सूपिन आणि रूपिन मिळून टोंस नदी होते. अशोकाच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेल्या कालसीच्या परिसरात टोंस यमुनेला मिळते, तेव्हा ती यमुनेपेक्षा जास्त पाणी घेऊन आलेली असते, तरी पुढे नाव यमुनेचेच चालते. एप्रिल ते जूनमध्ये मोरीजवळ टोंसच्या खळाळातून राफ्टिंग चालते, ते याच वितळत्या हिमाच्या जोरावर.

बंदरपूंछच्या पश्चिमेला, सांकरी गावाहून चढायचा सुमारे ३,८०० मीटरचा केदारकांठा डोंगर आता आपल्याकडच्या तरुणांनाही परिचित झाला आहे. तेथे जाणाऱ्यांनी पायाखालच्या थरांविषयी थोडे समजून घ्यावे, असे मनापासून वाटते. हिवाळ्यात जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते, तर पृष्ठभाग उणे पंधरापर्यंतही गार होतो. या फरकामुळे बाष्प हिमातल्या पोकळ्यांतून वर सरकते आणि तळाशी जाड साखरेसारखे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर एका माणसाच्या वजनानेही सारी लादी सुटू शकते. हिमाखाली गाडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात; त्यानंतर ही शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते, म्हणून फावडे आणि गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारे शोधयंत्र गटातल्या प्रत्येकाजवळ असणे आवश्यक आहे. ओढे ओलांडण्याचे वेळापत्रकही हिमच ठरवते: रात्री वितळणे थांबते म्हणून पहाटे गुडघ्याएवढा असलेला प्रवाह दुपार ढळताना कमरेपर्यंत चढलेला असतो.

इंदूरच्या नळाला येणारी नर्मदा पाऊस आणि भूजल यांवरच जगते; तिला बर्फ ठाऊक नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून जाणारी आपली खान नदी मात्र शिप्रेला, शिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला मिळते. महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळही पावसाचीच नदी आहे. हरियाणातल्या हथनीकुंड बंधाऱ्यावर कोरड्या महिन्यांत यमुनेचे बहुतांश पाणी कालव्यांत वळवले जाते. बंदरपूंछचा बर्फ त्यामुळे मुख्यतः हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीच्या शेतांत व नळांत पोहोचतो. दिल्लीच्या पुढे पात्रात जे उरते, त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. त्यानंतर इटाव्याच्या पुढे चंबळ येऊन मिळते. तेथून खालच्या यमुनेत उन्हाळ्यात जे स्वच्छ पाणी दिसते, त्याचा मोठा भाग माळवा-राजस्थानच्या पठारावर पडलेल्या पावसाचा असतो.