हा खर्च कोणत्या विषयाच्या खात्यात मांडायचा?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाला किंचित ताणत-आक्रसत जाणारी लाट, पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती आणि पृथ्वीवर त्याची खूण उमटली ती जेमतेम ०.२ सेकंद. अशा लहरी असतात हे आइनस्टाइनचं भाकीत खरं ठरलं म्हणून ही बातमी गाजली, ते योग्यच होतं. पण त्या क्षणापर्यंत पोचायला चाळीसेक वर्षं जनतेचा पैसा कुणी आणि कशाच्या भरवशावर दिला, ही गोष्टही मला तितकीच मोलाची वाटते.

मुळात लायगो हे काम कोणत्या विषयाचं? कल्पना सापेक्षतावादाची. लेझर प्रकाशशास्त्राचा. चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या अभियंत्यांच्या. जमिनीचे हादरे ओळखायला भूकंपशास्त्र हवं आणि गोंगाटातून संकेत वेगळा काढायला संख्याशास्त्र.

नळ्यांतल्या आरशांवरून लेझर परततो आणि लहरीमुळे आरशांमधल्या अंतरात पडलेला फरक दाखवतो. त्यातला एक आरसाच जवळून बघा. शुद्ध सिलिकाचा, ४० किलोचा हा आरसा ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर टांगलेला असतो. पोलादी तार का नाही? कोणत्याही पदार्थाचे अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. तारेत अंतर्गत घर्षण जास्त, त्यामुळे ही थरथर सगळ्या कंप्रतांवर पसरते आणि संकेत त्यात बुडतो. सिलिकात हे घर्षण फारच कमी असल्याने थरथर मोजक्याच कंप्रतांवर गोळा होते आणि बाकीचा पट्टा शांत राहतो. हे तंतू वापरण्याचं तंत्र ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलं. आरशांवरचा परावर्तक लेप फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या प्रयोगशाळेत चढवला गेला, तर लेझर जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेकडून आला. ब्रिटन आणि जर्मनीतून त्यासाठी सार्वजनिक पैसाही आला होता. हे सगळं जुळलं तेव्हा प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान हालचाल मोजता आली.

भौतिकशास्त्रज्ञ रेनर वाइस यांनी अशा उपकरणाचा तपशीलवार आराखडा १९७२ मध्येच मांडला होता. संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये गुरुत्वाकर्षणाचा कार्यक्रम पुढे रिचर्ड आयझॅकसन सांभाळत. ते स्वतः गुरुत्वीय लहरींवर संशोधन केलेले होते, म्हणून हे काम त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं. १९९० मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अनेक खगोलशास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले. एवढ्या पैशात दुर्बिणी झाल्या असत्या, हे त्यांचं म्हणणं अजिबात फालतू नव्हतं. पुढे २००२ ते २०१० या काळात पहिल्या लायगोला एकही लहर सापडली नाही, तरीही सुधारित उपकरणाचं काम त्याच काळात, २००८ मध्ये सुरू झालं. आधीच्या उपकरणाने गोंगाट ठरल्या पातळीपर्यंत खाली आणून दाखवला होता, आणि परीक्षकांनी तेच यश मानलं. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

या यशाचा एक धागा पुण्यातून जातो. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी संकेत शोधण्याच्या गणितावर फार लवकर काम सुरू केलं. लग्नमंडपातल्या कलकलाटातही आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज आधीच ओळखीचा असतो. तसंच लहरीचा अपेक्षित आकार आधी गणिताने काढायचा आणि नोंदींशी ताडून पाहायचा. तो आकार अचूक काढण्यात तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत असलेल्या बाला अय्यर यांचा वाटा मोठा आहे. प्रत्यक्ष लहर सापडण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी या लोकांना पगार आणि संगणक मिळत राहिले, हे विसरता कामा नये.

आता अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. लहर वेगवेगळ्या वेधशाळांना किंचित पुढेमागे पोचते. २०१५ मध्ये हा फरक सुमारे ७ मिलिसेकंदांचा होता. या फरकावरून दिशा ठरते, पण दोनच ठिकाणांहून आकाशातला फार मोठा पट्टा उरतो. दूरवर भारतात आणखी एक वेधशाळा असेल तर तो पट्टा बराच आक्रसतो आणि दुर्बिणी नेमक्या कुठे वळवायच्या ते कळतं. निर्वात नळ्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, लेझर आणि प्रकाशीय भाग इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, जागेची निवड आणि नोंदींचं विश्लेषण आयुकाकडे आहे. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, तर २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. मधली सात वर्षं मला खुपतात. पीएच.डी. करणारी एक अख्खी पिढी एवढ्या काळात बाहेर पडते, आणि थांबायला जागा नसेल तर परदेशी किंवा दुसऱ्या क्षेत्रात जाते.

इमारतीचं अंदाजपत्रक करता येतं. पण अर्धं भौतिकशास्त्र आणि अर्धं नियंत्रण अभियांत्रिकी शिकलेल्या मुलीला नोकरी कोणत्या विभागाने द्यायची? जाहिरातीत पदवीचा विषय एकच विचारतात. हजार नावांच्या शोधनिबंधात तिचा वाटा कसा मोजायचा, हे बढतीच्या समितीलाही सुचत नाही. म्हणून २,६०० कोटींच्या जोडीने दोन विभागांतले दोन मार्गदर्शक असलेल्या शिष्यवृत्त्या, उपकरणं बांधणाऱ्यांसाठी कायम पदं आणि परभणी-नांदेडच्या महाविद्यालयांत लेझर व निर्वात तंत्राच्या प्रयोगशाळा यांनाही आतापासून पैसा हवा. हिंगोलीचे आरसे टांगले जातील तेव्हा ते जुळवणारे हात तयार हवेत, आणि ते घडायला किमान वेधशाळा बांधण्याइतकी वर्षं लागतातच.