कोयत्याला पाजलेलं पाणी

मटणाच्या नळीवर मी घाईत नवी जपानी पद्धतीची सुरी मारली आणि धारेचा मसूराएवढा टवका उडाला. मग गावच्या लोहाराचा कोयता काढला. दोन घावांत हाड तुटलं, कोयत्याला ओरखडासुद्धा नाही. सुरीच्या डब्यावर अभिमानानं लिहिलं होतं : कठीणपणा रॉकवेल ६२. रॉकवेल म्हणजे कठीणपणाचं माप; आकडा मोठा तितकं पोलाद कठीण. कोयता त्याहून बराच मऊ, आणि म्हणूनच टिकला.

कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. कठीण पातं दबत नाही, त्यामुळे धार पुष्कळ दिवस राहते. चिवट पातं घाव सोसतं, तडा जाऊ देत नाही. एक वाढवलं की बहुधा दुसरं घटतं.

पहिला फरक पोलादात. लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतो. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, धक्के खाण्यासाठीच बनवलेलं पोलाद. याउलट डी-२ या सुऱ्या-हत्यारांच्या कठीण पोलादात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. त्यातून कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, टणक, मोठे कण तयार होतात. धार झिजत नाही, पण कणकेतल्या खड्यासारखे तेच कण तड्याला वाट देतात.

खरी करामत मात्र भट्टीत. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. लोहार त्याच्याही थोडं पुढे, रंग पाहून जातो; म्हणून भट्टी सावलीत हवी. फार तापवलं तर आतले दाणे फुगतात आणि मोडलेली कड साखरेसारखी खरबरीत दिसते. मग पातं बुडवायचं. तेलात बुडवलं तरी म्हणायचं ‘पाणी पाजलं’. हा शब्द फार जुना आहे : वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही शस्त्राला ‘पाजण्या’च्या कृती आहेत. अचानक गार झाल्यानं कार्बन आतच अडकतो आणि पोलादाचं मार्टेन्साइट नावाचं रूप बनतं. ते अतिशय कठीण, पण काचेसारखं ठिसूळ.

इथे थांबणारा कोयता पहिल्याच हाडावर मोडेल. मी पाहिलेला लोहार फक्त धारेची बाजू बुडवत होता. बाहेर काढून त्यानं ती दगडावर घासून चकचकीत केली आणि नुसता पाहत राहिला. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू लागली तशी चकाकीवर आधी गवती पिवळा रंग आला, मग तपकिरी, जांभळा. निळा दिसताच, म्हणजे सुमारे ३०० अंशांना, त्यानं अख्खा कोयता बुडवला. त्या अर्ध्या मिनिटात अडकलेला थोडा कार्बन सुटतो, आतला ताण उतरतो, ठिसूळपणा जातो. पाणी पाजण्याचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते कोयता घडतो तो या वाट पाहण्यात.

तोच निळा रंग स्वयंपाकाच्या सुरीवर मात्र नको. धार लावणाऱ्याच्या सुक्या चाकावर कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचा कठीणपणा उतरला. ती पुन्हा लवकर बोथट होणार. चाक फिरत असताना सुरी दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायला त्याला जरूर सांगा.