घरातल्या जुन्या जावाची व्हिंटेज नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि फी

आमच्या १९६८ च्या जावा मोटरसायकलचा पिस्टन पार जाम झाला होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडायचं आणि किक हातानं हलवून बघायची, असं काका आणि माझी मुलगी आठवडाभर करत होते. पिस्टन सुटला त्या संध्याकाळी घरात सण झाल्यासारखं वाटलं. कागदांना मात्र इंजिनापेक्षा जास्त वेळ लागला, कारण त्यांना आम्ही हातच उशिरा लावला. सोलापूर जिल्ह्यात अशा कितीतरी गाड्या वाड्याच्या पडवीत नाहीतर शेतातल्या शेडमध्ये उभ्या आहेत. त्या घरांसाठी हे लिहितोय.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. ती दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावी लागतात. वय आरसी बुकातल्या तारखेवरून धरतात, टाकीवरच्या बिल्ल्यावरून नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून गाड्या बनू लागल्या आणि १९७३ पासून येझदी हे नाव आलं. म्हणजे पहिल्या येझदीही आता या वयात आल्या आहेत.

दुसरी अट मूळ स्वरूपाची, आणि खरी परीक्षा तिथंच आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल केलेली गाडी व्हिंटेज धरत नाहीत. आम्हाला एका मेकॅनिकनं भंगारातलं येझदीचं इंजिन बसवून द्यायची तयारी दाखवली होती. स्वस्तात काम झालं असतं, पण इंजिन नंबर आरसीशी जुळला नसता आणि गाडी कायमची अपात्र ठरली असती. आम्ही मूळ इंजिनच उघडलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं सिलिंडर बोअर करून दिला, क्रँकचं काम झालं, बेअरिंग आणि ऑइल सील बदलले. माझं मत स्पष्ट आहे: झिजलेला भाग त्याच जातीचा घालणं ही दुरुस्ती, वेगळ्या जातीचा घालणं हा बदल. किक आणि गिअर एकाच दांड्यात असलेली ती जुनी रचना, सहा व्होल्टची वायरिंग, सगळं आम्ही तसंच ठेवलं. काम सुरू करण्याआधीचे फोटो काढा, प्रत्येक पार्टचं बिल जपा. आणि रंगकामाला चेसिस देताना नंबरवर पट्टी चिकटवा. आम्ही ती विसरलो, नंबर रंगाखाली बुजला आणि नंतर थिनर आणि मऊ ब्रशनं तो जिवापाड जपून मोकळा करावा लागला. अर्जासाठी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट काढावा लागतो, म्हणजे नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा. तो पुसट उमटला की शंका सुरू.

आता नाव. आरसी अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसानं फॉर्म ३१ भरून हस्तांतरण करून घ्यायचं. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, मूळ आरसी, विमा, पत्त्याचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांची संमती. लेकींची संमतीही लागते, हे अनेक घरांत शेवटच्या क्षणी आठवतं. आत्याला बार्शीहून नोटरीसाठी बोलावलं, तेव्हा तिनं सही करण्याआधी गाडीच्या सीटवरून हात फिरवला. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्या बऱ्याचदा संगणकावर दिसतच नाहीत. तिथं आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकावर भर, करून घ्यावी लागते. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला, म्हणून इंजिन खोलण्याआधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन नोंद आहे का ते बघा.

मुख्य अर्ज त्या मानानं सोपा. परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, सोबत चालू विमा, फी आणि जुनी आरसी. परदेशातून आणलेली गाडी असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीची ५,०००. मंजुरी मिळाली की ६० दिवसांच्या आत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे आणि ते १० वर्षं चालतं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेली मालिका मिळते.

पैसे भरण्याआधी घरात एकदा बसून बोला. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. काकांना जावावरून रोज सकाळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं, त्यावरून आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली. तुम्हालाही ती तशीच चालवायची असेल, तर हा अर्ज करूच नका. फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन साधं नूतनीकरण करा. ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि त्यावर गाडी रोज काढता येते.